खोलीतल्या ‘कीडाजडी’विषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेती पुरवणीत अलीकडे खोलीत ‘कीडाजडी’, म्हणजे कॉर्डिसेप्स नावाने विकली जाणारी औषधी बुरशी, पिकवून लाखो रुपये मिळवण्याविषयी लेख आला होता. तो आल्यापासून माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. मी कुडाळजवळ धिंगरी अळंबीचे स्पॉन, म्हणजे बियाणे, तयार करणारी छोटी प्रयोगशाळा चालवते. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर नोकरीऐवजी हे काम धरले, आणि आजूबाजूच्या गावांतले बचत गट माझ्याकडूनच बियाणे नेतात. आता या बायका, नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक, मुंबईची खोली सोडून गावी परतलेली मुले, सगळे एकच विचारतात, “ताई, कॉर्डिसेप्स लावूया काय?” त्या लेखाच्या भरवशावर या माणसांचे पैसे अडकू शकतात, म्हणून लिहिते आहे. पत्र लांबले तरी शक्य तर पूर्ण छापावे.

लेखात दोन वेगळ्या बुरशा एकच समजल्या गेल्या आहेत. कीडाजडी म्हणून जी जगभर गाजली ती हिमालयातली. उत्तराखंडात पिथौरागड जिल्ह्यातल्या धारचुला, मुनस्यारीकडचे लोक बर्फ वितळताच उंचावरच्या कुरणांत जातात आणि गुडघे टेकून ती हुडकतात. मातीत राहणाऱ्या एका पतंगाच्या अळीला ही बुरशी पोखरते आणि मेलेल्या अळीच्या डोक्यातून तिचा तपकिरी दांडा वर येतो. तिचे शास्त्रीय नाव ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस. २००७ पर्यंत तिला कॉर्डिसेप्स वंशात धरत, मग अभ्यासकांनी तिला वेगळे काढले. बेसुमार तोडणीमुळे २०२० साली ती धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदली गेली. आपल्याकडे एसी लावलेल्या खोलीत, काचेच्या बरण्यांत, तांदळावर जी केशरी बोटे उगवतात, ती कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. लेखातला भाव पहिलीचा आहे आणि लागवडीची कृती दुसरीची.

दुसरी निकृष्ट आहे असे मात्र कुणी समजू नये. उलट कॉर्डिसेपिन या ज्या औषधी रेणूचे नाव घेऊन ही सगळी जाहिरात चालते, ते दुसरीतच आहे. १९५० साली ते मिलिटॅरिसमधूनच पहिल्यांदा वेगळे काढले गेले. आपल्या प्रत्येक पेशीत अ‍ॅडिनोसिन नावाचा रेणू असतो. कॉर्डिसेपिन जवळपास तसेच, फक्त एक ऑक्सिजन कमी. तेवढ्याने पेशीची फसगत होते. ती याला अ‍ॅडिनोसिन समजून आरएनएच्या (जनुकांचा निरोप नेणाऱ्या रेणूच्या) साखळीत गुंफू लागते आणि साखळी तिथेच खुंटते. औषध म्हणून या रेणूकडे पाहिले जाते ते यामुळे.

हा रेणू बुरशी कसा बनवते, हे २०१७ मध्ये शांघायमधल्या चंगशू वांग यांच्या गटाने दाखवले. मिलिटॅरिसच्या जनुकसंचात एकमेकांना चिकटून बसलेली चार जनुके आहेत. त्यांना त्यांनी सीएनएस १ ते ४ अशी नावे दिली. तिसऱ्याचे एन्झाइम अ‍ॅडिनोसिनला फॉस्फेट जोडते, दुसऱ्याचे ते काढता काढता रेणूचा घाट बदलते आणि पहिल्याचे शेवटचा हात फिरवते. कॉर्डिसेपिन तयार! मला खरे थक्क केले ते याच्या पुढच्या भागाने. पुष्कळ सजीवांत अ‍ॅडिनोसिन डीअमिनेज नावाचे एन्झाइम असते आणि ते कॉर्डिसेपिन फोडून निकामी करते. म्हणून तिसऱ्या जनुकाचाच दुसरा भाग पेंटोस्टॅटिन नावाचा वेगळा रेणू बनवतो, जो या फोडणाऱ्या एन्झाइमला रोखून धरतो. काजूच्या बागेत बी पडायच्या दिवसांत राखणा ठेवतात तसाच हा. आणि कॉर्डिसेपिन इतके साठले की बुरशीच्या स्वतःच्याच जिवावर बेतेल, तर चौथ्या जनुकाचा पंप पेंटोस्टॅटिन पेशीबाहेर टाकतो. राखण उठते आणि जास्तीचे कॉर्डिसेपिन फुटून जाते. एवढ्याशा बुरशीने विष, त्याची राखण आणि स्वतःची सुटका, तिन्ही गोष्टी चार जनुकांत बसवल्या आहेत.

त्याच गटाने हिमालयातल्या कीडाजडीतही हे पाहिले. तिच्यात ही जुळणी नाही. ती कॉर्डिसेपिनही बनवत नाही आणि पेंटोस्टॅटिनही नाही. लाखोंच्या कीडाजडीच्या पुडीवर “कॉर्डिसेपिनयुक्त” असे छापलेले दिसले, तर एक तर आत दुसरी बुरशी आहे किंवा छापलेले खोटे आहे.

वाचकांना हेही सांगायला हवे की कॉर्डिसेपिन आहे म्हणून कॅप्सूल औषध ठरत नाही. आपल्या रक्तातही ते फोडणारे एन्झाइम भरपूर असते, त्यामुळे तोंडाने घेतलेले कॉर्डिसेपिन टिकत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांसोबत एका कंपनीने कॉर्डिसेपिनच्या रेणूला एक संरक्षक भाग जोडून एनयूसी-७७३८ नावाचे औषध तयार केले. कर्करुग्णांवर त्याच्या चाचण्या २०१९ पासून सुरू आहेत. इतकी यातायात करावी लागते ती साधी पूड पुरत नाही म्हणूनच. आणि राखण करणारे पेंटोस्टॅटिन स्वतःच रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगावरचे औषध आहे, १९९१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले. रोगप्रतिकारशक्ती ते चांगलीच खाली आणते. जी बुरशी ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून विकली जाते तिच्याच पोटात हा रेणू आहे! केमोथेरपी चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना न सांगता कॉर्डिसेप्स घेऊ नये. आमच्या आळीतल्या एका मावशींना मी हे समजावले, तेव्हा त्यांनी मुलाने पुण्याहून पाठवलेली बाटली माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सारे काही होते. जातीचे नाव नव्हते. कर्करोग, मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या चमत्कारी उपाय प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे, आणि आरोग्यपूरक म्हणून विकायच्या वस्तूवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे लिहावे लागते. त्या बाटलीवर ती ओळ होती, मुंगीएवढ्या अक्षरात.

आता लागवड करणाऱ्यांविषयी. शेजारच्या तालुक्यातल्या एका बचत गटाने कर्ज काढून एका प्रशिक्षकाकडून मदर कल्चर, म्हणजे बशीत वाढवलेली मूळ बुरशी, विकत घेतले. बरण्या भरल्या, हातसडीचा तांदूळ, पेप्टोन, रेशीमकोषाची पूड, सारे सांगितल्याप्रमाणे घातले, एसी अठरा-वीस अंशांवर ठेवला, दिवे लावले. दोन महिने उलटले तरी बरण्यांत पांढरा कापूसच. एखाद्या बरणीत टाचणीएवढे टोक आले आणि तिथेच थांबले. प्रशिक्षकाने स्वच्छतेत चूक झाली म्हणून बायकांवर खापर फोडले. मी बरण्या पाहिल्या. हिरवी किंवा काळी बुरशी कुठेच नव्हती, काम निर्मळ होते. दोष कल्चरचा होता.

मिलिटॅरिसमध्ये दोन लिंगप्रकार असतात. बुरशीत नर-मादी दिसत नाहीत, पण जनुकसंचात एका ठिकाणी दोनपैकी एक प्रकारची जनुके असतात, आणि नीट फळ धरून त्यात बीजाणू येण्यासाठी दोन्ही प्रकार लागतात. एका बशीतून दुसऱ्या बशीत, दुसरीतून तिसरीत असे तेच कल्चर वर्षानुवर्षे उतरवत राहिले की एक प्रकार हळूहळू गळून जातो. वरून कल्चर पांढरे, जोमदार, सुंदर दिसते. फळ मात्र येत नाही, आले तर खुरटे येते, आणि कॉर्डिसेपिनही घटते. मिलिटॅरिसचे कल्चर खालावते ही या धंद्यातली सर्वज्ञात गोष्ट आहे. चांगली प्रयोगशाळा मूळ कल्चर थंडीत जपून ठेवते, मोजक्याच पिढ्या उतरवते, आणि अधूनमधून दोन प्रकारांचे बीजाणू जुळवून नवे वाण निवडते. महागडे ‘मदर कल्चर’ विकणाऱ्याला ते कितव्या पिढीचे आहे आणि त्यात दोन्ही लिंगप्रकार तपासले आहेत का, हे विचारले पाहिजे. दोन्ही प्रकार पीसीआर या साध्या जनुक-तपासणीने कळतात. उत्तर देता येत नसेल तर व्यवहार करू नये, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे टांगलेली असोत.

“गडद केशरी म्हणजे जास्त औषधी” ही समजूतही प्रशिक्षणांतूनच पसरली आहे. केशरी रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा असतो, तो उजेड लागल्यावर येतो, आणि त्याची जनुके वेगळी आहेत. प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचा रंगावर आणि कॉर्डिसेपिनवर दोन्हींवर परिणाम होतो हे खरे, पण रंग पाहून कॉर्डिसेपिन किती हे कुणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी एचपीएलसी या रेणू मोजणाऱ्या यंत्रावर नमुना तपासावा लागतो. मीही थोडे मिलिटॅरिस वाढवते, तो माल तपासून घेते. वेगळ्या वाणांच्या, डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या बोटांत आकडे वेगळे येतात. ज्या बॅचचा आकडा कमी येतो ती मी कुणाला देत नाही.

बाजारातला आणखी एक प्रकार वाचकांना माहीत असावा. पुष्कळ ठिकाणी फळ यायची वाटच पाहत नाहीत. धान्यावर तंतू पसरले की तो धान्याचा गोळाच वाळवून दळतात आणि कॅप्सूल भरतात. लेबलवर ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ असे झळकते. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, आणि तांदळाचा स्टार्चही पॉलिसॅकराइडच! अळंबीचा उपयोगी भाग बीटा-ग्लुकान, आणि तो स्टार्च वगळून वेगळा मोजता येतो. तंतू म्हणजे नेहमीच हलका माल असेही मी म्हणणार नाही. हेरिसियम नावाच्या, सिंहाच्या आयाळीसारख्या अळंबीत एरिनॅसिन हे रेणू तंतूंतच सापडतात आणि हेरिसेनोन फळात. एकाच जीवाची जनुके शरीराच्या एका भागात एक रेणू बनवतात, दुसऱ्या भागात दुसरा. म्हणून डब्यावर जात, भाग आणि मोजलेला रेणू, तिन्ही लिहिलेले असले पाहिजेत.

गॅनोडर्माची, म्हणजे रेशीची, गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या माडाच्या बुंध्याशी लाखेसारखी चकचकणारी, लाकडासारखी टणक अळंबी येते. माड मरू लागल्याची ती खूण. एक बागायतदार तिचे पोते भरून माझ्याकडे आले होते, रेशी म्हणून विकूया म्हणाले. मी नको म्हटले. लंडनजवळच्या अळंबीला १७८१ साली जे ल्युसिडम हे जातिनाम मिळाले, तेच नाव पुढे जगभरच्या चकचकीत गॅनोडर्मांना चिकटवले गेले. चीनमध्ये ज्याची लागवड होते त्याला २०१२ साली गॅनोडर्मा लिंगझी हे वेगळे नाव द्यावे लागले. माडावरची जात तिसरीच. त्याच २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी लागवडीतल्या गॅनोडर्माचा जनुकसंच वाचला तेव्हा १६,११३ जनुके मोजली. तिचे कडू गॅनोडेरिक आम्ल लॅनोस्टेरॉल या रेणूपासून घडते, आणि त्याला ठिकठिकाणी ऑक्सिजन लावायचे काम पी-४५० गटातली एन्झाइमे करतात. लॅनोस्टेरॉल बनवणाऱ्या जनुकाबरोबर जागी होणारी अशी ७८ जनुके त्यांना आढळली. त्यांतले कोणते नेमके काय करते, हे एकेक करून शोधायचे काम तेव्हापासून चालले आहे. २०१८ मध्ये शांघायच्याच एका गटाने त्यातले एक जनुक यीस्टमध्ये घालून त्याचे काम सिद्ध केले. जिथे इतक्या जनुकांच्या हालचालीवर औषधी गुण ठरतो, तिथे ‘दिसायला रेशीसारखी’ म्हणून पोते दळणे बरोबर नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलशी जुळले फक्त पाच.

अळंबीतून खरी औषधे येतात, आणि आपण ती वापरतोही. पोल्ट्रीवाले कोंबड्यांच्या श्वसनरोगावर टायम्युलिन हे प्रतिजैविक देतात. ते ज्या प्ल्यूरोम्युटिलिनपासून बनते ते एका छत्रीवाल्या अळंबीचे, आणि त्यामागची सात जनुके ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१६ साली उलगडली. सांगली-नाशिकचे द्राक्ष बागायतदार भुरीवर अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन हे बुरशीनाशक मारतात, त्याचे मूळही पाइनच्या शंकूंवर वाढणाऱ्या एका अळंबीत आहे. तो रेणू उन्हात टिकत नव्हता म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा घाट बदलला. दोन्ही ठिकाणी अळंबी ओळखली गेली, रेणू वेगळा काढला गेला, मोजला गेला, मगच तो बाटलीत गेला.

आणि आपल्याच घरातले औषध आपण विसरत चाललो आहोत, हे मला जास्त लागते. कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर घोड्याच्या खुरासारखा फणसांबा येतो. माझी आजी तो सहाणेवर पाण्यात उगाळून लहान मुलांच्या तोंडातल्या फोडांना आणि फार लाळ गळत असेल तर हिरड्यांना लावायची. पुणे विद्यापीठातल्या जे. जी. वैद्य यांनी नव्वदच्या दशकात या लोकऔषधाचा अभ्यास केला. फणसांबा म्हणून एकच जात येत नाही, फेलिनस वंशातल्या अनेक जाती त्या नावाने वापरल्या जातात. या वंशातल्या अळंब्यांत हिस्पिडिन नावाचा पिवळा रेणू आढळतो. २०१८ साली रशियन आणि ब्राझिलियन संशोधकांनी अंधारात चमकणाऱ्या एका अळंबीतून हिस्पिडिन बनवणारे जनुक शोधले. त्यातून उजेडाचा पूर्ण मार्ग उलगडला. साध्या कॅफेइक आम्लापासून हिस्पिडिन, त्यावर एक ऑक्सिजन चढला की प्रकाश देणारा रेणू, आणि उजेड पडून गेल्यावर पुन्हा कॅफेइक आम्ल. ही जनुके पेट्युनियाच्या रोपात घालून स्वतःहून उजळणारी फुले २०२४ पासून अमेरिकेत विकली जात आहेत. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या काटक्या हिरवट उजळतात त्या अळंब्यांमुळेच, आणि बुरशीचा उजेड जिथे जिथे उलगडला गेला आहे तिथे तो याच रसायनाचा निघाला आहे. आजीच्या सहाणेवरच्या फणसांब्याच्या कुळातला रेणू आणि भीमाशंकरचा उजेड असे एका साखळीत यावेत, हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

या अळंब्या आपल्या घाटात आहेत, आणि त्या अभ्यासायला संस्थाही आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव संग्रह आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, सोलनला १९८३ पासून अळंबी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. फणसांब्याच्या जाती कोकणातून ठिकठिकाणाहून गोळा करून, ओळखून, त्यांची कल्चर्स या संग्रहांत ठेवावीत आणि त्यांची जनुके वाचावीत, अशी माझी या संस्थांना कळकळीची विनंती आहे. फणसाची जुनी झाडे लाकडासाठी भराभर तुटत आहेत आणि झाडाबरोबर अळंबीही जाते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. आमच्या गावच्या वहीत झाडे आहेत, पक्षी आहेत, मासे आहेत, अळंबीचे पान कोरे आहे. फणसांबा कोण वापरते, कशासाठी, कुठल्या झाडावरचा, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत. ग्रामसेवकांनी या पावसाळ्यातच त्यांच्याकडून ते लिहून घ्यावे. उद्या कुणी त्यातून औषध काढलेच, तर गावाचा हक्क सांगायला ती नोंद लागेल.

आपल्या पुरवणीकडेही एक मागणे आहे. त्या लेखाची दुरुस्ती छापावी, बरणीतल्या बुरशीचे खरे नाव द्यावे आणि हिमालयाचा भाव तिला लावू नये. यापुढे औषधी अळंबीच्या लागवडीवर लेख येईल तेव्हा लेखकाकडून जातीचे नाव, कल्चर कुठल्या संग्रहातले, आणि तयार मालाचा तपासणी अहवाल, एवढे मागून घ्यावे आणि ते लेखासोबत छापावे. ज्या बचत गटाच्या बरण्या पांढऱ्याच राहिल्या, त्यांचा कर्जाचा हप्ता दर महिन्याला चालूच आहे. त्यांना मी सध्या धिंगरीवर आणले आहे. धिंगरीचा भाव कमी आहे, पण कुडाळच्या बाजारात ती दुपारपर्यंत खपते.

आपली,
एक वाचक आणि स्पॉन उत्पादक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग